ई-जर्नल स्वस्त म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात तुमच्या लेखक महाशयांनी कॉलेज लायब्ऱ्यांना जो उपदेश केलाय तो वाचला आणि डोकं तापलं. कागदी जर्नल्स, म्हणजे संशोधनाची नियतकालिकं, बंद करा, सगळं ऑनलाइन घ्या, पैसे वाचतील, जागा वाचेल, पावसाळ्यात बुरशीची कटकट नाही. बुरशीचं तेवढं खरं आहे हो. बाइंड केलेल्या व्हॉल्यूमवर आपल्याकडे जूनपासून जो पांढरा थर चढतो तो पुसण्यात माझी अर्धी नोकरी गेली. पण पैसे वाचतात हे यांना कोणी सांगितलं? उचलली जीभ लावली टाळ्याला.

परदेशी प्रकाशकांची संस्थांसाठीची रेट-लिस्ट एकदा डोळ्याखालून घाला म्हणावं. नुसतं ऑनलाइन घेतलं तर छापील अंकापेक्षा किंचित कमी, दोन्ही घेतलं तर किंचित जास्त, कागद-शाई-टपाल वाचलं त्याचा फायदा प्रकाशकाच्या खिशात. पूर्वी अंकाच्या आतल्या पानावर वर्गणी छापलेली असायची, सगळ्या लायब्ऱ्यांना साधारण सारखी. आता मोठ्या पॅकेजसाठी कोटेशन मागवा, मग ते विचारणार विद्यार्थी किती, कॅम्पस किती, आणि शेजारच्या कॉलेजला काय भाव लावला ते आपल्याला कधीच कळणार नाही. वर डॉलर चढला की आपलं बजेट गडगडलं. हार्वर्डसारख्या गडगंज विद्यापीठानं २०१२ मध्ये आपल्या प्राध्यापकांना लेखी कळवलं होतं की जर्नल्सचं बिल वर्षाला साडेसदतीस लाख डॉलरच्या घरात गेलंय, हे आता परवडत नाही. मग आमच्या गोव्यातल्या, फोंड्याकडच्या कॉलेजचं काय घेऊन बसलात!

आता माझ्या लायब्ररीत काय झालं ते सांगते. नाव घेत नाही, पेन्शन तिथूनच आलीय. इतिहासाचं एक जर्नल आमच्याकडे पार सत्तरच्या दशकापासून येत होतं, लाल रेक्झिनचं बाइंडिंग, कण्यावर सोनेरी आकडे. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची टीम येणार म्हणून स्मार्ट क्लासरूमला जागा हवी होती, तेव्हा मॅनेजमेंटनं ठरवलं की हे ऑनलाइन मिळतंच आहे, जुने व्हॉल्यूम काढून टाका. मी विरोध केला, तो मिनिट्समध्ये आहे, बघायचा असेल त्यांनी बघावा. रद्दीवाला आला, त्यानं सुतळीनं गठ्ठे बांधले आणि काट्याला लावले. किलोवर गेला हो इतिहास! रेक्झिनचे पुठ्ठे त्यानं आधी फाडून बाजूला टाकले, पुठ्ठ्याला म्हणे भाव वेगळा.

पुढे एका वर्षी ग्रँट उशिरा आली, रिन्युअलची फाइल अकाउंट्समध्ये पडून राहिली, आणि जानेवारीत लॉगिन बंद. बरं, चालू वर्षाचं बंद झालं तर समजू शकते, पण ज्या वर्षांचे पैसे आम्ही मोजून भरले होते तेही अंक उघडेनात! मेल केला तर उत्तर काय, तर तुमच्या करारात कायमस्वरूपी अ‍ॅक्सेस नव्हता, जुने अंक हे वेगळं पॅकेज आहे, सोबत कोटेशन जोडलंय. म्हणजे इतकी वर्षं आम्ही भाडं भरत होतो, घर आमचं नव्हतंच. त्याच महिन्यात एमएची एक मुलगी गावकरी पद्धतीवरचा (गावची जमीन सामायिक सांभाळायची गोव्यातली जुनी रीत) एक लेख शोधत आली. तो लेख कुठल्या व्हॉल्यूममध्ये होता ते मला पाठ होतं, मार्जिनमध्ये कुणीतरी शिसपेन्सिलीनं खुणाही केलेल्या होत्या. काय सांगणार तिला? पाठवलं ताळगावला विद्यापीठाच्या लायब्ररीत, दोन बस बदलून.

ऑनलाइनला माझा सरसकट विरोध नाही, उगाच मला जुनाट ठरवू नका. एन-लिस्ट, म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन जर्नल्स देणारी सरकारी योजना, आम्हीही घेत होतो, वर्षाला पाच हजार आणि वर जीएसटी, त्यात सहा हजारांवर जर्नल्स. पण ते स्वस्त पडतं कारण खरं बिल दिल्ली भरते, प्रकाशक दयाळू झाला म्हणून नव्हे.

आणि ज्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'वर (देशभरातल्या संस्थांसाठी केंद्र सरकार एकदमच जर्नल्सची वर्गणी भरतं ती योजना) लेखक एवढे खूश आहेत त्याचा हिशेब त्यांनी का नाही मांडला? तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये, संस्था ६,३०० च्या आसपास, म्हणजे एकेका संस्थेमागे वर्षाला तीस लाखांच्या वर झाले. आयआयटीवाल्यांना, दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेला त्याचा उपयोग आहे, नाही म्हणत नाही. आमच्या बीएच्या पोरांना त्या योजनेतल्या तेरा हजार जर्नल्सपैकी किती लागणार? शिवाय घोषणेत शब्द आहेत केंद्र वा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षण संस्था, आणि गोव्यातली बरीच कॉलेजं अनुदानित, चालवतात शिक्षणसंस्था. ती यात बसतात का, हे लेखकानं एका ओळीत तरी लिहायचं होतं. आणि पैसे मंजूर आहेत ते २०२७ पर्यंतचे. त्यानंतर बिल वाढवून आलं तर सगळा देशच त्या लॉगिनला बांधलेला असणार, मग घासाघीस कोण आणि कशाच्या जोरावर करणार?

लायब्ररीनं निदान आपल्या मुलखावरचं आणि मराठी जे काही येतं ते तरी कागदावर ठेवावं, आणि ऑनलाइनच्या करारावर सही करायच्या आधी जुन्या अंकांचं कलम कोणीतरी वाचावं, एवढंच म्हणणं आहे.

जाता जाता, तुमच्या ई-पेपरचीही तीच गत आहे बरं का. मी वर्षाची वर्गणी भरलीय आणि गेल्या चतुर्थीची पुरवणी उघडायला गेले तर नवीन प्लॅन घ्या म्हणतो. घरी टाकला जाणारा अंक पाऊस असला की भिजलेला येतो, पण तो निदान पंख्याखाली वाळवता तरी येतो. वितरण विभागाला दोनदा फोन केला, कोणी उचलत नाही. आणि हे पत्र छापणार असाल तर मागच्या वेळेसारखा अर्धा मजकूर गाळू नका, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, फोंडा