पुणे विद्यापीठात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या पाल्यांच्या पालक-सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळवण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी नेहमीच्या जागी होणाऱ्या बैठकीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची माहिती दिली जाईल. पदवीच्या अंतिम वर्षात असलेल्या मुलामुलींनी पालकांसह उपस्थित राहावे.

१९४९ साली स्थापन झालेल्या या राज्य विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. मु. रा. जयकर होते, सध्याचे नाव २०१४ साली देण्यात आले. नाशिकमधील अनेक महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न असल्याने आपल्या मुलांच्या गुणपत्रिकेवर त्याचे नाव असतेच. मात्र गणेशखिंड येथील आवारात मुख्यतः पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन चालते, हे ध्यानात घ्यावे, कारण बारावीनंतर लगेच तेथे अर्ज करायला निघालेले पालक दरवर्षी भेटतात. खगोलशास्त्राची आवड असणाऱ्यांना याहून चांगली जागा मिळणे कठीण, कारण आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आणि खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण चालवणारे राष्ट्रीय केंद्र याच आवारात असून तेथील व्याख्यानांना विद्यार्थ्यांना पायीच जाता येते. परकीय भाषांचा विभाग मात्र फर्ग्युसन रस्त्यावर, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

वसतिगृहातील जागा मर्यादित असतात, त्यामुळे खोलीभाड्याचा हिशेब आधीच मांडावा. ज्यांना तो जड जाईल त्यांनी ‘कमवा व शिका’ योजनेची चौकशी अवश्य करावी. येताना सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि आवश्यक असल्यास जातीच्या दाखल्याची छायाप्रत आणावी. प्रवेशाच्या तारखा विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तक्त्यांवर विसंबू नये.

— कार्यवाह