सूचना : कानाची तपासणी

सर्व सभासदांना नमस्कार. आपल्यातले बरेच जण जन्मभर यंत्रमागाच्या खडखडाटात उभे राहिलेत. अशा आवाजानं आधी उंच, बारीक स्वर जातात. बोललेलं ऐकू येतं, पण ‘सात’ म्हणाले की ‘आठ’, ते कळत नाही.

आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवून मळ असेल तर काढून घ्या, मगच ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी, करा. तिचा आलेख, म्हणजे ऑडिओग्रामचा कागद, जपा; ऐकण्याचं मशीन त्यावरूनच जुळवतात. म्हणून दुसऱ्याचं मशीन लावू नका. ट्रायल मागा आणि नवी पेठेच्या गर्दीत बोलून बघा, दुकानात सगळीच मशीनं छान वाटतात.

एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तपासणीला घरच्या कुणाला तरी सोबत न्या. टीव्हीचा आवाज किती असतो, ते तेच खरं सांगतील.