तंबाखू शपथेने सुटत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३१ मे, म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिन, आला की फेरी निघते, कर्करोगाची चित्रे दाखवतात, हात पुढे करून शपथ होते. यंत्रमाग कामगार शपथ घेतो आणि त्याच रात्रपाळीला पुन्हा तंबाखू मळतो. भाषणाला समुपदेशन म्हणण्याची ही फळे.

चूक पहिल्या प्रश्नापासूनच होते. 'तंबाखू खाता का?' असे विचारले की बायका 'नाही' म्हणतात. दातांना लावायची मिश्री ही भाजलेल्या तंबाखूची पूडच, पण ती त्यांच्या लेखी 'खाणे' नसते. म्हणून 'मिश्री किती वेळा लावता?' असे विचारावे. उठल्यावर अर्ध्या तासात तंबाखू लागत असेल तर सवय घट्ट समजावी. मग दोन आठवड्यांच्या आतली सोडायची तारीख ठरवायची आणि तोवर दर खेपेची वेळ व कारण टिपायचे. कुणाला पाळीत झोप आवरायची असते, कुणाला सकाळी पोट साफ व्हायला हवे असते. मिश्री थांबली की बद्धकोष्ठ होऊ शकते; भरपूर पाणी, भाज्या आणि चालणे आधीच सांगितले नाही, तर ती बाई चार दिवसांत डबी शोधते.

तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ घोट घोट पाणी, तोंडात बडीशेप, जागा बदलणे. सुपारी मात्र नको, तीही कर्करोगाला कारण आहे. तलफ भागवायला दिले जाणारे निकोटीनचे च्युइंगगम साध्यासारखे चघळले की उचक्या लागतात, घसा जळजळतो आणि लोक ते टाकून देतात. सावकाश चावून, तोंडात झिणझिणले की गालात धरून ठेवायचे. आधी पंधरा मिनिटे चहा नाही.

'घरातली तंबाखू फेकून द्या' हा पुस्तकी सल्ला सोलापुरात विडी कामगार बाईला कसा द्यायचा? तिच्या मांडीवरच्या सुपातच तंबाखू असते, त्यावर चूल पेटते. तिथे घरात मिश्री भाजणे बंद करायचे, काम संपताच माल झाकून हात साबणाने धुवायचे, आणि शेजारी बसून विड्या वळणाऱ्या दोघी-तिघींनी एकाच तारखेला सोडायचे.

सोडल्यावर आठवड्याच्या आत एक फोन, महिन्यात दुसरा, हे तर कोणी करतच नाही. मधेच कुणी चिमूट घेतली तर रागवू नये. कुठे, कुणासोबत घेतली ते विचारून बेत बदलावा. तंबाखू सोडायला मदत करणारी १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय फोन सेवा आहेच, पण विड्या जमा करायला बायका जिथे येतात तिथेच आरोग्य विभागाने आठवड्यातून एकदा समुपदेशक बसवावा. यातल्या अनेक बायका तेलुगू बोलतात, म्हणून त्याला तेलुगू यायला हवे.

— एक समुपदेशक, सोलापूर