उंबराखालचा डोह सोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ओढा खोलीकरणाच्या कामाला नारळ फोडल्याचे फोटो दर उन्हाळ्यात आपल्या अंकात येतात. फोटोत जेसीबी असतो, फेटे असतात. त्या ओढ्यातल्या माशांबद्दल मात्र कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. वाचून हसू येईल, पण मीही पाटोदा तालुक्यातलाच आहे आणि टँकरच्या रांगेत हंडा धरून उभा राहिलेलो आहे.

आमच्या गावामागच्या ओढ्याला तीन डोह होते. मे महिन्यात ओढा थांबायचा, पण डोहांत गुडघाभर पाणी टिकायचं, कारण दरडीच्या तळातून बोटभर धार पाझरत असायची. ओढ्यातले मासे उन्हाळा काढायला तिथं गोळा व्हायचे. कपारीत वाम, गाळात मरळ, तळाच्या वाळूत मुऱ्या. मृगाचा मोठा पाऊस होऊन गढूळ पाणी आलं, की हेच मासे धारेला तोंड देऊन वर निघायचे. पाण्यापेक्षा खडकच जास्त, अशा जागी चार बोटं पाण्यातून फडफडत चढायचे, वर अंडी घालायला. चढणीचे मासे म्हणतात ते हेच.

बालाघाटात ओढे कसे वाहतात, हे विहीर खोदणाऱ्याला विचारा. वरचा मुरूम आणि मांजऱ्या, म्हणजे मऊ, भोकाभोकांचा खडक, पावसाचं पाणी पितो. खाली काळा पाषाण लागला, की ते पाणी आडवं चालतं आणि ओढ्याच्या काठाला झरा होऊन निघतं. दिवाळीनंतर ओढा वाहतो तो या साठ्यावर. आता वरच्या अंगाला बोअरवर बोअर झालेत, पाणी झऱ्यापर्यंत पोचायच्या आतच उपसलं जातं. त्यात मशीन घालून ओढ्याचा मांजऱ्याच फोडला, की आजूबाजूच्या रानात मुरलेलं पाणी चरात उतरून उघड्यावर येतं आणि उन्हात जातं. उरल्यासुरल्या डोहात पाच हॉर्सपॉवरची मोटार बसते. पाणी आटताना मासे एका कोपऱ्यात कसे गोळा होतात, ते एकदा जाऊन बघाच.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ओढ्याचं खालच्या टप्प्यातलं खोलीकरण झालं. दोन डोह गेले. आता तिथं सरळ चर आहे, रस्त्याच्या कडेला खणतात तसा. त्यापुढं सिमेंटचा बांध, भिंत पुरुषभर उंच. गेल्या मृगात वर चढायला आलेले मासे त्या भिंतीच्या पायाशी उड्या मारत होते आणि पोरं ते घमेल्यानं उचलत होती. पोरांचं काय चुकलं म्हणा.

‘इथं माणसाला प्यायला नाही आणि तुम्हाला माशांचं पडलंय,’ असं ग्रामसभेत ऐकून घेतलंय. पण ज्या वर्षी डोहात मेअखेर मासा जिवंत असायचा, त्या वर्षी काठावरच्या विहिरींनाही पाणी असायचं, कारण पाझर एकच. आणि हे एका गावापुरतं नाही. मांजरा आमच्याच तालुक्यातल्या डोंगरात उगवते आणि ७२४ किलोमीटर वाहून गोदावरीला मिळते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं लातूर याच मांजरेवर अवलंबून आहे.

नदीच्या प्रवाहाचा काही भाग निसर्गासाठी राखून ठेवावा, असं २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीत लिहिलंय. गंगेसाठी २०१८ मध्ये किमान प्रवाहाची अधिसूचनाही निघाली. आमच्या ओढ्यासाठी अधिसूचना कुणी मागत नाही. डोह खोलीकरणातून वगळावेत, तिथला गाळ हवा तर हातानं काढावा. बांधाला एका अंगानं दगडांची उतरण करावी म्हणजे मासा चढेल, आणि तळाशी एक पाइप ठेवावा म्हणजे खाली धार सुटत राहील. उन्हाळ्यात डोहात मोटार नको, हा ठराव ग्रामसभाच करू शकते. ज्यांचं भरणं त्या मोटारीवर आहे ते चिडतील, त्यांना शेततळ्यात पहिला नंबर द्यावा. त्याच शेततळ्यात चिलापी (तिलापिया) मासा सोडून ‘मासे वाढवले’ म्हणणाऱ्यांबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

सध्या वरच्या टप्प्याची मोजणी होऊन फक्की, म्हणजे खोदायच्या जागेची पांढऱ्या भुकटीची रेघ, पडली आहे. तिसरा डोह, उंबराखालचा, बरोबर त्या रेघेत येतो. मशीन यायच्या आत ती फक्की दहा पावलं सरकवावी, एवढं आपल्या अंकातून संबंधितांपर्यंत पोचावं.

आपला,
एक वाचक
पाटोदा तालुका, जि. बीड