प्रसंग मोजता, मग नजर का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाजलेल्या कादंबरीवर चित्रपट आला की त्याची परीक्षणे बहुतेक एकाच वळणाने जातात. कोणते प्रकरण गाळले, कोणत्या पात्राला कात्री लागली, शेवट बदलला की तसाच ठेवला. आपल्या पुरवणीतही हेच होते. चित्रपट दिसतो कसा, याची बोळवण ‘छायालेखन नेत्रसुखद’ एवढ्यावर होते. याबद्दल मनापासून तक्रार करायची आहे, कारण माझ्या मते दिग्दर्शकाने कादंबरी कशी वाचली हे सर्वांत स्पष्ट तिथेच कळते.

कादंबरी कोणीतरी सांगत असते. ती किती जवळून, किती लांबून, कोणाच्या मनातून सांगितली आहे यावर तिचा सगळा स्वाद अवलंबून असतो. पडद्यावर ते काम कॅमेरा, प्रकाश आणि रंग यांच्याकडे येते.

स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘बॅरी लिंडन’ (१९७५) घ्या. विल्यम थॅकरे या इंग्रज लेखकाच्या मूळ कादंबरीत नायक बॅरी आपली कहाणी स्वतःच सांगतो, तीही बढाया मारत. चित्रपटात निवेदन तिऱ्हाइताकडे गेले. नुसते प्रसंग मोजणाऱ्याला ही मोडतोड वाटेल. पण दृश्ये नीट पाहा. सुरुवात होते माणसांपासून, अगदी जवळून. मग झूम संथपणे मागे मागे सरकत जातो आणि ती माणसे त्या विस्तीर्ण निसर्गात इवलीशी होऊन जातात. थॅकरेने बॅरीचे पितळ त्याच्याच तोंडून उघडे पाडले, कुब्रिकने ते अंतर वाढवून पाडले. मेणबत्तीच्या उजेडातल्या दृश्यांसाठी छायालेखक जॉन अल्कॉट यांनी झाइस कंपनीने नासासाठी बनवलेली एफ/०.७ ची, म्हणजे अत्यंत कमी उजेडातही चित्र टिपणारी भिंगे वापरली, हे अनेकांना ठाऊक असते. त्याचा परिणाम मात्र क्वचितच कोणी सांगतो. अशा भिंगात फोकसचा पट्टा इतका अरुंद असतो की नट जरासा पुढे झुकला तरी चेहरा धूसर होतो. त्यामुळे जुगाराच्या टेबलाभोवतीची माणसे जवळजवळ हलतच नाहीत, आणि त्या उच्चभ्रू जगाचा ताठरपणा संवादाशिवाय समोर येतो.

डिकन्सच्या कादंबरीवरील डेव्हिड लीन यांच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये (१९४६) लहानगा पिप स्मशानातून पळत सुटतो आणि थेट कैद्याच्या अंगावर आदळतो. कैदी तिथे आहे हे आपल्यालाही आधी दिसू दिलेले नाही. मुलाची भीती मुलाच्याच उंचीवरून पोचते.

ग्रेटा गर्विग यांच्या ‘लिटल विमेन’मध्ये (२०१९) बालपण उबदार सोनेरी रंगात आहे, मोठेपण निळसर. नायिका ‘जो’ जागी होते, आजारी बहीण बेथचा पलंग रिकामा दिसतो, ती घाबरून जिना उतरते. खाली बेथ आईजवळ टेबलाशी बसलेली असते. पुढे तोच रिकामा पलंग, तोच जिना, पण प्रकाश थंड आहे आणि टेबलाशी आई एकटी आहे. कादंबरी सरळ कालक्रमाने जाते, इथे काळाची सरमिसळ केली आहे. तरीही घर गमावल्याची मूळ वेदना या दोन रंगांत पुरेपूर उतरली आहे.

याउलट तोच सोनेरी मुलामा अलीकडे कोणत्याही जुन्या काळावर सरसकट चढवला जातो. गरिबीचे वर्णन असो वा अपमानाचे, खिडकीतून मधाळ ऊन येतेच, कपड्यांना सुरकुती नसते. एकही प्रसंग न वगळता लेखकाचा राग मात्र पुसला जातो, आणि आपली परीक्षणे त्याला ‘मूळ कलाकृतीशी प्रामाणिक’ म्हणतात. हे मला फार खटकते.

म्हणून विनंती आहे. अशा चित्रपटांच्या परीक्षणात छायालेखक आणि कलादिग्दर्शक यांची नावे आवर्जून द्यावीत, आणि निदान एका दृश्यातला प्रकाश, रंग, कॅमेऱ्याची जागा यांविषयी सविस्तर लिहावे. जागा अपुरी पडत असेल तर कथानकाचा सारांश खुशाल कमी करा. पुस्तक वाचलेल्यांना तो ठाऊक असतो आणि न वाचलेल्यांना तो आधी कळायला नकोच असतो.

आपला,
एक नियमित वाचक