मावशी, एकटीने बसून जेवायला तुम्ही शिकवलंत

प्रिय मावशी,

हे तुमच्या फोनवरच पाठवणार होते, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्ही मोबाइल हातातच घेत नाही असं तुमची भाची म्हणाली, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, ती तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवेल. आणि चार लोकांनी हे वाचावं असं मलाही वाटतंय, कारण नाशकात माझ्यासारख्या कितीतरी पोरी नोकरीला येतात, अंबडला, सातपूरला, त्यांना रूम मिळते, बसचा नंबर मिळतो, पण जेवायला कुठे आणि कसं बसायचं ते कुणी सांगत नाही. मला तुम्ही सांगितलंत. त्याचे आभार राहून गेलेत.

जून २०१९ मध्ये मी जिंतूरहून आले तेव्हा तुमच्या वाड्यातली वरची खोली घेतली, ते जिने बघूनच आईला धडकी भरली होती. आमच्याकडे सकाळी मुरमुऱ्यांची सुशीला नाहीतर भाकरी-ठेचा, बाहेर खायचं म्हणजे बाजारच्या दिवशी बाबांबरोबर भजी, तेही बाबा आणून देणार आणि आम्ही बाकड्यावर बसून खाणार. हॉटेलात एकटीने शिरायची वेळ कधी आलीच नव्हती. पहिल्याच शनिवारी, कंपनीला सुट्टी होती, मी एका हॉटेलात गेले तर काउंटरवरचा माणूस म्हणाला किती जण, मी म्हणाले एकटीच, तर त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, मग मागे बघितलं कोणी येतंय का, आणि म्हणाला, "पार्सल देऊ का मग?" मी हो म्हणाले. का म्हणाले माहीत नाही. त्यानंतर तीन आठवडे मी पार्सलच खाल्लं, खाटेवर बसून, पिशवीत सांडलेला रस्सा पेपरने पुसत, आणि ज्या दिवशी तेही नको वाटायचं त्या दिवशी चहा-खारी.

तुम्ही जिन्याखालच्या बादलीत त्या पिशव्या बघितल्यात. "रोज पार्सल? वर कोणी आजारी आहे का गं?" एवढंच विचारलंत आणि मला रडूच आलं. तुम्ही काही समजूत वगैरे घातली नाहीत. म्हणालात, "शनिवारी साडेसातला तयार राहा. चहासुद्धा घेऊ नकोस."

तो शनिवार मला मिनिटामिनिटाने आठवतो. डिंगरअळीतून खाली सराफ बाजार, तिथून दहीपूल, मग गोदाघाट, गाडगे महाराज पुलावरून पलीकडे, आणि पंचवटी कारंजाला अंबिका मिसळ. मला वाटलं होतं की आता तुम्ही सोबत आहात म्हणजे प्रश्न मिटला. आणि दारात तुम्ही म्हणालात, "मी तुझ्याबरोबर बसणार नाही. मी त्या कोपऱ्यात बसते, तू इथे बस. दोघी एकेकट्या." मला तेव्हा तुमचा रागच आला होता मावशी, आता सांगते.

पण त्याआधी चालताना तुम्ही जे सांगितलंत ते मी अजून पाळते. दारात थबकायचं नाही, सरळ आत जायचं. भिंतीकडची जागा घ्यायची, तोंड दाराकडे. मोबाइल पर्समध्ये. आणि खायचं सांगायच्या आधी पाणी मागायचं, कारण पाण्याचा ग्लास समोर आला की मग आपल्याला कोणी उठवत नाही. तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होता, ट्रंक कॉल जोडायचा, रात्रपाळ्या करायचा, जेवायची वेळ कधी दुपारी चारला तर कधी पहाटे, आणि डबा संपला की बाहेर. "एकटी बाई हॉटेलात दिसली की लोक आधी मंगळसूत्र बघायचे आणि मग ताट," असं तुम्ही म्हणालात. तुम्ही तर लग्नच केलं नव्हतंत. तरी बसायचात.

मिसळ आली. काळ्या मसाल्याचा रस्सा वेगळ्या वाटीत, ताटलीत मटकी, वर शेव, कांदा, लिंबू, बाजूला दही आणि वर तो पापड. पापड बघून मला कळेना हा कधी खायचा. तुम्ही लांबून बघत होतात, तुम्ही तुमचा पापड हाताने चुरून मिसळीवर टाकलात, अगदी सावकाश, मला दिसेल असा. मी पण टाकला. पहिल्या घासाला डोळ्यात पाणी आलं, तिखट मला नवं नाही, पण हे तिखट वेगळं होतं, खोबरं आणि कांदा काळा होईपर्यंत भाजल्याचं, घशात उशिरा कळणारं. दुसरा रस्सा घेतला. पाव संपले, आणखी मागितले. माझा आवाज वेटरपर्यंत पोचला याचाच मला केवढा आनंद झाला होता.

येताना तुम्ही मुद्दाम हळू चाललात. नाशिक नव टेकांवर, म्हणजे नऊ टेकड्यांवर वसलंय हे तुम्हीच सांगितलंत, जुनी गढी, म्हसरूळ टेक, डिंगरअळीचं टेक, चित्रघंटा, तुम्ही बोटांवर मोजत नावं घेत होतात आणि मला फक्त चढ दिसत होता. तेव्हाच तुमचा नियम कळला, या गावात भुकेलं असताना उतरायचं आणि पोट भरल्यावर चढायचं, कारण चढताना भूक असली की माणूस दिसेल ते खातो. मी तो नियम पुढे पांडवलेणीला, अंजनेरीला पण लावला. लेण्यांच्या पायऱ्या उतरून आल्यावर खाली तिखटमीठ लावलेली काकडी घ्यायची ती खाली बसूनच, हे पण तुमचंच.

मग आपले शनिवार सुरूच झाले. मेन रोडला भगवंतरावांकडची मिसळ, तिथली चव अंबिकापेक्षा वेगळी आहे आणि कुठली चांगली यावर आपलं कधीच जमलं नाही. तुम्ही भगवंतरावांच्या बाजूच्या, मी अंबिकाच्या, आणि मी अजूनही मत बदललेलं नाही. सायंतारात साबुदाणा वडा, तो मोठा, बाहेरून कडक आणि आत मऊ, मला वाटायचं उपवासाचं आहे म्हणजे उपवास लागतो, तुम्ही म्हणालात भूक लागणं पुरेसं आहे. बुधा हलवाईची जिलबी, कढईतून पाकात आणि पाकातून थेट कागदावर, ती मात्र उभ्यानेच खायची, तेवढ्या एकाच गोष्टीला तुमची परवानगी होती कारण बसेपर्यंत ती थंड होते. आणि महिन्याच्या शेवटी घरी पैसे पाठवून उरले तर कोंडाजीचा चिवडा. तळलेल्या कांद्याचा असा चिवडा मी जिंतूरला नेला तर बाबा म्हणाले यात कांदाच जास्त आहे, आणि दोन दिवसांत डबा रिकामा.

दर वेळी तुम्ही वेगळ्या टेबलावर बसायचात. कधी बंद झालं ते, आठवतंय? ऑगस्टमध्ये, पुराच्या दिवशी. गोदावरीला एवढं पाणी आलं होतं की नदीतला दुतोंड्या मारुती पूर्ण बुडाला, रामकुंडाकडची देवळं पाण्यात, आणि आपण होळकर पुलाच्या अलीकडे गर्दीत उभ्या होतो. मी आयुष्यात एवढं पाणी एका जागी बघितलं नव्हतं, आमच्याकडे पाणी म्हणजे टँकर. तुम्ही म्हणालात की नाशकात पाऊस किती झाला ते कोणी आकड्यात विचारत नाही, मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते विचारतात, कमरेला, छातीला, गळ्याला. घाटावरचे सगळे गाडे, टपऱ्या, फुलवाल्यांची दुकानं पाण्याखाली होती, आपण शनिवारी जिथे बसायचो ती चहाची टपरी पण. त्या दिवशी आपण पहिल्यांदा एका टेबलावर समोरासमोर बसलो, वर एका छोट्या हॉटेलात, चहा आणि पाव घेतला, आणि तुम्ही सगळा वेळ त्या टपरीवाल्याबद्दल बोलत होता, त्याची भांडी त्याला काढता आली असतील का. पाणी उतरल्यावर तुम्ही त्याला तुमच्याकडची पितळी किटली नेऊन दिलीत. हे तुम्ही कुणाला सांगितलेलं नाही, मी सांगतेय.

थंडीतलं पण लिहायलाच पाहिजे. निफाडचा पारा दहाच्या खाली गेला अशी बातमी पेपरात आली की तुम्ही मला उठवायचात, कारण तुमच्या मते चुलीवरची मिसळ खायला तेच हवामान लागतं. साधनाला जायचं, लांब आहे, रिक्षा करावी लागते, पण तिथे धूर डोळ्यात जातो आणि हात रश्श्याच्या वाटीवर शेकता येतात. तुम्ही शाल सोडायच्या नाहीत आणि रस्सा तीनदा घ्यायचात. मला घरची चूल तिथे आठवायची, आई फुंकणी घेऊन बसलेली. तिथे बसल्यावर एकटं वाटायचं नाही, तुम्ही समोर असलात काय आणि नसलात काय.

आणि वाइनचं. ऑफिसच्या पोरी सुला वाइनरीला जाणार होत्या आणि मी घाबरत होते, जायचं तर आहे पण घरी कळलं तर. तुम्ही म्हणालात, "घरी फोन करून सांगायची गरज नाही, पण विचारलं तर खोटं बोलायचीही गरज नाही. तुझे पैसे, तुझी सुट्टी." आणि मग स्वतःच आलात सोबत! गंगापूर धरणाचं पाणी, पलीकडे डोंगरांची रांग, मध्ये द्राक्षांच्या ओळी. तुम्ही सांगत होतात की तुमच्या तरुणपणी इकडे नुसतं गवत होतं, आणि द्राक्षं म्हणजे खायची, नाहीतर बेदाणे करायचे. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, तेव्हा तुमच्या एक्स्चेंजमध्ये म्हणे आठवडाभर वाद चालला होता, द्राक्षाची दारू करावी का नाही. मी एक ग्लास घेतला. आंबट लागली, मला फार आवडली नाही, अर्धी ठेवली. तुम्ही द्राक्षाचा रस घेऊन डोंगराकडे बघत बसलात आणि म्हणालात, न आवडलेलं टाकून द्यायलाही शिकायला लागतं. आपल्या शेजारच्या टेबलावर एक बाई एकट्याच बसल्या होत्या, पुस्तक वाचत. तुम्ही मला कोपराने खुणावून दाखवलंत.

लॉकडाऊनबद्दल मी जास्त लिहीत नाही. सगळं बंद झालं, मेन रोड एवढा रिकामा की दहीपुलावरून बोललेलं ऐकू यावं, मला घरी जाता आलं नाही, आणि तुम्ही दोन महिने रोज संध्याकाळी जिन्याच्या पाचव्या पायरीवर झाकलेलं ताट ठेवलंत. थालीपीठ, कढी-खिचडी, एकदा तर पुरण. मी वरच्या पायरीवर बसायची आणि तुम्ही खाली दारात, अंतर ठेवून. पुन्हा दोघी एकेकट्या. तुम्ही भाडं त्या दोन महिन्यांचं घेतलं नाहीत आणि मी दिलं तर रागावलात. ते पैसे मी बाजूला ठेवलेत, मावशी. त्यातून मी दर शनिवारी कोणाला तरी खाऊ घालते.

त्याच्याबद्दलच खरं तर लिहायचं होतं आणि एवढं लांबलं. मागच्या महिन्यात आमच्या डिपार्टमेंटला नंदुरबारकडची एक मुलगी आली. दुपारी कँटीनमध्ये पण कोपऱ्यात पाठ करून खाते. मी तिच्या डेस्कखाली पार्सलची पिशवी बघितली आणि विचारलं, शनिवारी काय करतेस. तिला घेऊन गेले, सराफ बाजार, दहीपूल, तोच पूल. अंबिकाच्या दारात मी तिला म्हणाले की मी तुझ्याबरोबर बसणार नाही. तिने माझ्याकडे जसं बघितलं ना, तसंच मी तुमच्याकडे बघितलं असणार. ती आत गेली, भिंतीकडे बसली, पाणी मागितलं. पहिल्यांदा कुणी ऐकलं नाही. मी माझ्या जागेवरून उठणार होते, आणि तुम्ही उठला नव्हतात हे आठवलं, म्हणून बसून राहिले. दुसऱ्यांदा तिने जरा जोरात मागितलं. पाणी आलं. मी माझा पापड हाताने चुरला, तिला दिसेल असा.

तुमचा वाडा आता रिकामा झालाय, परवा तिकडून गेले तर दाराला पत्रे लावलेत, बिल्डिंग होणार म्हणे. पाचवी पायरी बाहेरून दिसत नाही. मी जास्त थांबले नाही. तिथून खाली उतरून गेले, भूक लागली होती.

पुढच्या शनिवारी संगमनेरला येतेय. भाचीने सांगितलं की डॉक्टरांनी तुमची साखर बंद केलीय, त्यामुळे बुधाची जिलबी आणत नाही, तुम्ही चोरून खाल हे मला माहितीये. चिवडा आणतेय, अर्धा किलो, मऊ पडू नये म्हणून डब्यात भरून. अकराची एसटी आहे, साडेबारा-एकपर्यंत पोचेन. जेवायला थांबू नका, पण थांबलात तर एकाच टेबलावर बसू.

तुमची,
वरच्या खोलीतली