गावच्या वायफायचा खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा?

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या ग्रामपंचायतीत भारतनेटची, म्हणजे गावोगावी इंटरनेटची केबल पोचवायच्या सरकारी योजनेची, पेटी बसून बरीच वर्षं झाली, सध्या तिच्यावर गणपतीचा फोटो टेकवून ठेवलाय आणि खाली एक लाल दिवा तेवढा पेटतो. महाडीबीटीचे फॉर्म भरायला पोरं अजून टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्यांवर जातात, तिथं रेंज येते म्हणून. गुरव वैतागलाय, दर्शनाला एक जण आणि ओटीपीला दहा.

आणि पैसा नाही असं कुणी सांगू नये. टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातले 5 टक्के 2002 पासून याच कामासाठी कापले जातात, आधी त्याला यूएसओ फंड म्हणायचे, 2023 च्या कायद्याने डिजिटल भारत निधी झालं, म्हणजे शेवटी आपल्याच रिचार्जमधला पैसा. ऑगस्ट 2023 ला सुधारित भारतनेटला 1,39,579 कोटी मंजूर झाले, त्यात 10 वर्षांची देखभालही धरलीय, चांगलंच आहे. पण केबल ऑफिसात आल्यावर पुढचा राऊटर, महिन्याचं बिल आणि बिघडलं की शिडी घेऊन चढणारा माणूस, हे कोण देणार?

1998 साली कोल्हापूरकडच्या वारणानगरला, सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातल्या 70 गावांत कॉम्प्युटर पोचवले तेव्हा केंद्राने 50 टक्के, राज्याने 40 आणि 10 टक्के वारणेच्या लोकांनी घातले होते. पुढे तिथं मुख्य वापर उसाच्या नोंदीपुरताच राहिला हे खरं, पण ते रोजचं काम होतं म्हणून निदान तेवढं तरी चाललं. नुसतं फुकटचं मशीन असतं तर त्याच्यावरही फोटोच टेकला असता.

पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची सरकारी योजना डिसेंबर 2020 पासून आहे, चहाच्या टपरीवाल्यालाही लायसन्सशिवाय वायफाय विकता येतं. अडचण त्याला कंपनीकडून घ्याव्या लागणाऱ्या लाईनच्या बिलाची होती, जून 2025 ला ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांनी त्याच्याकडून घरगुती प्लॅनच्या दुप्पटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही असं ठरवलं, म्हणजे आता हिशोब बसू शकतो. गावाने 10 टक्के काढावेत, बाकीचं डिजिटल भारत निधीतून यावं आणि चालवायला बचत गटाकडे द्यावं, एवढंच माझं म्हणणं.

ग्रामसभेत मी म्हटलं घरटी महिना दहा रुपये काढू. कुणी नाही म्हणालं नाही, पण ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, हे जमा कुठल्या हेडखाली करू? आणि विषय तिथंच थांबला. कुणाच्या गावाने हा हेड काढला असेल तर कृपया या सदरात कळवा, ठरावाची भाषा काय होती तेही लिहा.

— एक वाचक, जि. सातारा